लेट्युसची आवणी

आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाचे चार डबे असतात आणि त्यांतल्या एकातही श्रीखंड नसतं. एकात खोवलेलं खोबरं, एकात इडलीचं उरलेलं पीठ, एकात लिंबाच्या साली. त्या कशासाठी ठेवल्यात हे आता मलाही आठवत नाही. चौथ्या डब्यात मागच्या दिवाळीत लेट्युसचं बी होतं, ओल्या टिश्यू पेपरच्या घडीत. भाऊबीजेला भाचा आला. त्याने मोठ्या आशेने डबा उघडला, घडी उलगडली, आत बघितलं आणि डबा होता तसा मिटवून जागेवर ठेवला. मग हॉलमध्ये येऊन ह्यांच्या कानाशी लागून विचारलं, "मामा, मामी बरी आहे ना?"

मामी बरी होती. मामी जूनमध्ये बँकेतून निवृत्त झाली होती, एवढंच. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि चांदीची समई मिळाली, आणि कर्जविभागातल्या एका उत्साही मुलीने बियांची पाच पाकिटं हातात ठेवली. मेथी, पालक, मुळा, झेंडू आणि लेट्युस. पहिली चार मी बाजूला सारली, कारण ती येतात. जे येतंच ते पेरण्यात काय अर्थ, असं त्या दिवसांत माझं मत होतं.

पाकिटामागे बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. तो मी वाचला नाही. अडतीस वर्षं मी मटकीला मोड आणतेय. थंडीत कपडा गुंडाळून, पावसाळ्यात ओट्याच्या कोपऱ्यात, एकदा तर रेल्वेच्या प्रवासात डब्याच्या डब्यात. बी कसं उगवायचं हे पाकिटाने मला शिकवावं, हे काही पटेना. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये माती भरली, बोटाच्या पेराएवढे खळगे केले, प्रत्येकात बी टाकलं, वर माती लोटून अंगठ्याने घट्ट दाबली आणि ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवला. तिथे ऊब असते. दही तिथेच लागतं. ह्यांना आणि कामाच्या मावशींना ताकीद दिली की हलवायचं नाही.

पंधरा दिवस रोज सकाळी मी स्टुलावर चढून त्या मातीचं दर्शन घेतलं. सोळाव्या दिवशी एक हिरवा कोंब दिसला. मी आत्याबाईंना हाक मारली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी, माहेर आणि सासर दोन्ही मावळात, आयुष्य भाताच्या खाचरांत गेलेलं. त्यांनी चष्मा वर सरकवून कोंब बघितला आणि म्हणाल्या, "माठ हाय. येऊ दे, भाजी व्हईल."

मग मी पाकीट वाचलं.

त्या एका ट्रेमध्ये मी किती चुका कोंबल्या होत्या ते तेव्हा कळलं. लेट्युस हे जगातल्या त्या मोजक्या मंडळींपैकी आहे ज्यांना ऊब सोसत नाही. त्याला उगवायला पंधरा ते वीस अंश लागतात. अठ्ठावीस-तीसच्या वर पारा गेला की बी मरत नाही, झोपून जातं. पुण्याचा ऑक्टोबर दुपारी बत्तीसच्या घरात जातो, आणि फ्रिजच्या डोक्यावर त्याहून जास्तच असणार. बियाचंही चुकत नाही. त्याचे पूर्वज भूमध्य समुद्राच्या काठचे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. गरम मातीत ओल लागली म्हणून जे बी हुरळून उगवलं त्याचं पुढच्या आठवड्यात वाळवण झालं. जे झोपून राहिलं त्याची पोरंबाळं आज माझ्या पाकिटात आली. माझी ऊब त्यांना उन्हाळा वाटली.

दुसरी चूक अंगठ्याची. लेट्युसच्या बियाला उजेड लागतो. एका ग्रॅममध्ये आठशे-हजार बिया मावतात, म्हणजे एकेकीच्या गाठीला शिदोरी ती केवढी असणार! बोटभर मातीखालून वर यायला निघाली तर वाटेतच जेवण संपायचं. म्हणून ती आधी उजेड आहे का बघते, मग निघते. याचा शोध लागला ती गोष्ट मला फार आवडली. १९५२ साली अमेरिकेत, मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी शेती-संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' जातीचं लेट्युसचं बी भिजवून अंधारात ठेवलं आणि त्यावर थोडा वेळ लाल उजेड टाकला. बी उगवलं. लाल उजेडानंतर लगेच लालाच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा उजेड टाकला, तर बी परत झोपलं. मग त्यांनी दोन्ही उजेड आलटून पालटून टाकून बघितले. कितीही वेळा टाका, बी फक्त शेवटचा उजेड ऐकतं. त्यावरून पुढे फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य सापडलं आणि वनस्पतिशास्त्रात मोठी खळबळ उडाली. आमच्या घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडेही सगळे आलटून पालटून बोलतात आणि शेवटी आत्याबाई बोलतात.

तर अशा रीतीने बी फ्रिजच्या डोक्यावरून फ्रिजच्या पोटात आलं. ओल्या कागदात तीन-चार दिवस गारवा दिला की झोप मोडते. घरात हिवाळा आणायचा हा आमच्या आवाक्यातला एकमेव मार्ग. आत्याबाईंना मात्र हे पसंत नव्हतं. "बी निजवायला भुईत घालत्यात, शीतपेटीत न्हाई," असं त्या देवघराकडे तोंड करून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

दरम्यान मी रोपवाटिकेत जाऊन दोन वस्तू आणल्या. एक काळा प्लास्टिकचा प्रो-ट्रे. त्याला ९८ खाचे असतात. शंभर का नाहीत, असं ह्यांनी विचारलं. हे ऑडिट खात्यातून निवृत्त झालेत, दोनाची तूट त्यांना झोपू देत नाही. शेवटी त्यांनी बोट ठेवून मोजलं, चौदा गुणिले सात, आणि हिशेब लागल्यावरच चहा घेतला. दुसरी वस्तू म्हणजे कोकोपीटची पाच किलोची वीट. दुकानदार म्हणाला, "पाण्यात टाका, फुगते." इतकंच म्हणाला. मी न्हाणीघरात बादलीत वीट ठेवली, पाणी ओतलं आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. परत आले तर बादली भरून वाहत होती. घमेलं आणलं, ते भरलं. कपड्यांचा टब भरला. मग पिंप. फरशीवर तपकिरी चिखल, आणि वीट अजून मधून कोरडीच. त्या दिवशी आमच्याकडे कुणाचीच आंघोळ झाली नाही. आत्याबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या आणि चिखलणी झालेलं खाचर बघावं तसं कौतुकाने बघत होत्या. एवढ्या सगळ्या उद्योगात त्यांचा हा पहिला आनंदाचा क्षण.

बी पेरायचं म्हणजे काय, तर कोकोपीटवर नुसतं ठेवायचं. पण ठेवणार कसं? जिऱ्याचा दाणा घ्या, त्याला वाळवून वाळवून पाव करा, दोन्ही टोकं निमुळती करा. हे लेट्युसचं बी. चिमटीत येत नाही, आलं तर सुटत नाही, आणि श्वास सोडला तर उडतं. बराच वेळ धडपडल्यावर आत्याबाईंनी देवघरातून जळून विझलेली उदबत्तीची काडी आणून दिली. काडीचं टोक जिभेला लावायचं (त्यांनी लावलं, मी पाण्यात बुडवलं), बियाला टेकवायचं, बी चिकटतं, खाच्यात टेकवायचं, सुटतं. एका तासात अठ्ठ्याण्णव. वर कोकोपीटची चिमूट, मीठ भुरभुरावं तेवढीच.

तिसऱ्या दिवशी उगवलं. सुईच्या टोकाएवढा पांढरा मोड, त्यावर दोन हिरवे ठिपके. आठवडाअखेर एकाहत्तर. ह्यांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिपून ठेवलं: ७१/९८.

आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी बघते तर सगळी मंडळी एकाच दिशेला मान लांब करून वाकलेली. बसथांब्यावर बस येतेय का बघायला लोक रस्त्यात वाकतात ना, अगदी तशी. देठ दोऱ्यासारखे, पांढुरके, लांबच लांब. खिडकी आमच्या दृष्टीने लख्ख उजेडाची आहे. त्यावर बिल्डरने जादा पैसेही घेतले होते. पण रोपाच्या दृष्टीने खिडकीतला उजेड म्हणजे लांबून आलेली बातमी. ते बिचारं उजेड गाठायला उंच होत जातं आणि उंच होता होता अंगातली ताकद संपवतं.

"अहो, अंतराळात उगवतंय हे," ह्यांनी वर्तमानपत्रातलं जुनं कात्रण शोधून काढलं. २०१५च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेलं लाल रोमेन लेट्युस खाल्लं होतं. "आणि आपल्याला धायरीत चौथ्या मजल्यावर जमत नाही?"

"त्यांच्याकडे दिवे होते," मी म्हटलं.

म्हटल्यावर दोघांनाही एकदमच आठवलं. माळ्यावर मुलाचा दहावीच्या वर्षीचा टेबललॅम्प होता. काढला, पुसला, नवा पांढरा एलईडी बल्ब लावला आणि ट्रेच्या वर वीतभर उंचीवर टेकवला. सकाळी सहाला चालू, रात्री नऊला बंद. दिवसाला पंधरा तास. दहावीच्या वर्षात त्या दिव्याने एवढे तास एकदाही बघितले नव्हते. बंगळूरहून मुलाने व्हिडिओ कॉलवर ते दृश्य पाहिलं आणि विषय बदलला.

आता सांगायची पुढची गोष्ट थोडी दुःखाची आहे, आणि तिचा दोष कुणा एकाचा नाही. मी सकाळी उठल्यावर रोपांना पाणी घालायची. चहा झाल्यावर हे घालायचे; मला सांगायचे नाहीत, कारण मी ओरडले असते. पूजा झाल्यावर आत्याबाई तीर्थाचं उरलेलं पाणी पळीने घालायच्या. त्या कुणालाच काही सांगत नाहीत. कामाच्या मावशी फरशी पुसताना "माती सुकलीया" म्हणून ओंजळभर. एवढ्या मायेत एका सकाळी ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपं आडवी झालेली दिसली. पानं हिरवीगार, पण देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होऊन काळा पडलेला. दुसऱ्या दिवशी शेजारची रांग. याला शेतकरी रोपं कोलमडणं म्हणतात. बुरशीचं काम, आणि बुरशीला आमंत्रण पाण्याचं. तीन दिवसांत बत्तीस रोपं गेली. कॅलेंडरवर ह्यांनी जड हाताने लिहिलं: ३९.

त्या संध्याकाळी घरात बैठक झाली. एकेकाने कबूल केलं. पाणी घालायचा हक्क एकाच माणसाकडे द्यायचा ठरला आणि तो अर्थातच आत्याबाईंकडे गेला. त्यांनी पहिली आज्ञा सोडली, वरून पाणी बंद. परातीत बोटभर पाणी घ्यायचं, ट्रे त्यात टेकवायचा, खालून पाहिजे तेवढं पिऊ द्यायचं आणि अर्ध्या तासाने उचलायचा. पुढचं पाणी कधी, हे त्या घड्याळावर ठरवत नसत. रिकाम्या खाच्यातलं चिमूटभर कोकोपीट मुठीत दाबायच्या, मूठ उघडायच्या. पाणी गळलं तर नको. भुगा झाला तर पाहिजे. गोळा राहिला आणि तळहात नुसता दमट झाला, तर म्हणायच्या, "वाफसा हाय. हात लावू नगा." वाफसा हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता, दहा मार्कांच्या प्रश्नात लिहिलाही होता. तो तळहातावर असतो हे तेव्हा कळलं.

ह्यांना पाण्याऐवजी दुसरं काम मिळालं. रोपं बंद खोलीत वाढली की लुसलुशीत राहतात. वारा लागला, हललीडुलली की देठ जाड होतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यांच्या माथ्यावरून तळहात अलगद फिरवायचा, पंधरा-वीस वेळा. ह्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून, चेहऱ्यावर मंद हसू आणून ते ट्रेवरून हात फिरवायचे. निवडून आलेला आमदार उघड्या जीपमधून जातोय असं वाटायचं. पण देठ जाड झाले, हे कबूल केलं पाहिजे.

डिसेंबर लागला. रोपांना चार-चार पानं फुटली, महिना होत आला. आता त्यांना घराबाहेरची सवय करायची होती. याला रोपं कणखर करणं म्हणतात. पहिल्या दिवशी एक तास बाल्कनीतल्या सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन तासभर, असं आठ-दहा दिवस वाढवत न्यायचं. एकदम उन्हात ठेवली तर पानं भाजून कागदासारखी पांढरी होतात. मी वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. पाचव्या दिवशी नात्यातलं एक लग्न निघालं, कर्वेनगरात, मुहूर्त बाराचा. रोपं साडेदहाला आत घ्यायची होती आणि आम्ही साडेनवाला निघालो. मंगलाष्टकं चालू असताना मला आठवलं. ट्रे बाल्कनीत. ऊन आता कठड्यावरून सरळ आत आलं असणार. अक्षता पडल्या आणि मी ह्यांचा दंड धरून उठले. ह्यांच्या चुलत बहिणीने विचारलं, "वहिनी, पान वाढतायत, कुठे निघालात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी लहान आहेत हो, उन्हात राहिलेत."

त्या घरात ह्याची चर्चा अजून चालू आहे. आम्हाला एकच मुलगा, वय तेहेतीस, हे सगळ्यांना माहीत आहे. जिलेबी होती म्हणे. रोपं मात्र ठीक होती. आत्याबाईंनी त्यांच्यावर आपलं जुनं लुगडं पसरून ठेवलं होतं आणि स्वतः शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या.

आणि मग आवणी. मावळात भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. लेट्युसच्या पुनर्लागवडीला मी तेच नाव देते, कारण ती ज्या बाईने केली तिला दुसरा शब्द माहीत नाही. पुनर्लागवडीला लेकीची पाठवणी म्हणायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मला ती उपमा कधी पटली नाही. मी सासरी आले तेव्हा मान टाकली नव्हती. उलट इतरांनी टाकली असेल.

भाजीवाल्याकडून चार प्लास्टिकचे क्रेट आणले होते. त्यांना आतून पोत्याचं अस्तर, माती, शेणखत, उरलेलं कोकोपीट (ते अजूनही उरलेलं आहे, कुणाला पाहिजे असल्यास). हे फूटपट्टी घेऊन बसले. पुस्तकात पानांच्या जातीला वीस ते पंचवीस सेंटिमीटर अंतर दिलं होतं. आत्याबाईंनी फूटपट्टीकडे बघितलंही नाही. हात पसरला, अंगठा टेकवला, करंगळी टेकवली, खूण केली. अंगठा, करंगळी, खूण. ह्यांनी मागून गुपचूप मोजलं. एकवीस सेंटिमीटर. दुसरं एकवीस. सहावं एकवीस. एका क्रेटमध्ये सहा बसली.

सकाळी करायचं की संध्याकाळी, यावर वाद झालाच नाही. "ऊन उतरल्याबिगर न्हाई." पाच वाजता ट्रे परातीत ठेवून भिजवला. साडेपाचला त्या पाटावर बसल्या. खाच्याच्या बुडाला खालून अंगठा दिला की रोप मातीच्या सुळक्यासकट वर येतं. भिजलेला असेल तर सुळका फुटत नाही. मी पहिलं रोप उचलायला गेले आणि देठाला धरलं. चापट बसली. पान धरायचं. पान तुटलं तर दुसरं येतं. देठ चुरगळला तर दुसरा येत नाही. मी खोल खड्डा करायला लागले, टोमॅटोचं रोप मी नेहमी मानेपर्यंत गाडते. त्यावर दुसरी चापट. लेट्युसचा गाभा, जिथून नवी पानं निघतात तो, मातीच्या वर राहिला पाहिजे. मातीत गेला की कुजतो. ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच इथे. आत्याबाई दोन बोटांनी भोक करायच्या, सुळका सोडायच्या, आणि त्याच दोन बोटांनी कडेची माती आत सारून हलकेच दाबायच्या. हे सगळं एका रोपाला पाच-सहा सेकंद. त्यांची नजर त्या रोपावर नव्हतीच, पुढच्या खुणेवर होती. खाचरात गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं, समोर रोपांच्या जुड्या, आणि सबंध बांध गाठेपर्यंत कंबर सरळ करायला उसंत नाही, असे पन्नास-एक पावसाळे त्या बोटांत होते. चोवीस रोपं संपली. त्यांनी हात पुढे केला. पुढची जुडी पाहिजे होती.

"संपली आत्याबाई," मी म्हटलं.

"एवढीच?"

उरलेली पंधरा रोपं सोसायटीत वाटली होती. त्यांतली चौदा दुसऱ्याच दुपारी गेली; पंधरावं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तुळशीच्या कुंडीत लावलं, म्हणून त्याला निदान रोज कुणीतरी बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चोवीसच्या चोवीस रोपांनी माना टाकलेल्या. पानं मातीला चिकटलेली, फडकं पिळून टाकावं तशी. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. आत्याबाईंनी काठी आडवी घातली. मुळं उपटताना बारीक तंतू तुटतात, नवे फुटेपर्यंत रोप पाणी ओढू शकत नाही. तेव्हा सावली द्यायची, पाण्यात बुडवायचं नाही. भातही आवणीनंतर आठवडाभर पिवळं पडतं म्हणे. "रुसलंय. रुसलेल्याला घडीघडी इचारू न्हाई." लुगडं परत पसरलं गेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मधल्या पानांनी टोकं उचलली. पाचव्या दिवशी सगळी उभी. त्यानंतर कबुतरांनी पाच खुडली, दोन कशाने गेली कळलं नाही, आणि बाल्कनीला जाळी लागली.

संक्रांतीच्या पुढेमागे पहिली पानं काढली. कडेची काढायची, मधला गाभा ठेवायचा, म्हणजे झाड देत राहतं. आता याचं करायचं काय, हा प्रश्न घरात तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. पहिल्या दिवशी मी सवयीने पीठ पेरून भाजी केली. कढईभर पानांचा दोन चमचे चिकट लगदा झाला. दुसऱ्या दिवशी कोशिंबीर केली आणि वरून फोडणी दिली. फोडणी पडली आणि पानं बसली. ही भाजी विस्तवाला उभी करायची नाही, हे तिसऱ्या दिवशी समजलं. सीझर सॅलड करून बघूया असं हे म्हणाले. ज्युलियस सीझर खात असेल तर आपल्याला काय हरकत आहे, असा त्यांचा मुद्दा. तो सीझर वेगळा. मेक्सिकोतल्या तिहुआना गावातला सीझर कार्डिनी नावाचा हॉटेलवाला, गोष्ट १९२४ची. पण रोमन लोकांना लेट्युसचं वेड होतं हे खरं. ऑगस्टस बादशहा याच्यामुळे दुखण्यातून उठला असं प्लिनीने लिहून ठेवलंय.

आत्याबाईंनी यातलं काही ऐकलं नाही. त्यांनी एक पान देठातून मोडलं. मोडल्या जागी पांढरं दूध आलं. ते बोटाला लावून त्यांनी चाटलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "आगं, ही तर पाथरी," त्या म्हणाल्या. "पाथरीची धाकली भन."

आणि ते खरं आहे. मी नंतर पडताळून पाहिलं. पाथरी, म्हणजे आपल्याकडे रानात बांधावर जमिनीलगत पसरते ती कडवट रानभाजी, आणि लेट्युस एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या, आणि त्या कुळातही जवळच्या शाखेतले. दोघांच्या अंगात दूध. लेट्युसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, ते लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरूनच आलंय. आत्याबाईंनी ज्वारीची भाकरी घेतली, शेंगदाण्याचा ठेचा घेतला, पाच-सहा पानं धुऊन कच्चीच घेतली आणि भिंतीला टेकून बसून खाल्ली. त्यानंतर फेब्रुवारीभर आमच्याकडे लेट्युस असंच खाल्लं गेलं. मीही तसंच खाते. मेयोनेजची बाटली आणली होती, ती तशीच आहे.

ह्यांनी हिशेब काढला. बी फुकट, ट्रे, कोकोपीट, बल्ब, क्रेट, खत मिळून १,८६० रुपये, भागिले सतरा. एक झाड १०९ रुपये ४१ पैशांना पडलं. यात जाळी, वीज आणि लग्नातली जिलेबी धरलेली नाही. मंडईत विदेशी भाज्यांच्या गाळ्यावर गड्डा याहून बराच स्वस्त मिळतो, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

मार्च उजाडला, ऊन तापलं आणि चार दिवसांत झाडांचा नूर बदलला. मधून जाड दांडा निघाला, सरसर हातभर वर गेला. पानं कडू, दूध दाट. एकदा दांडा निघाला की पानांची आशा सोडायची. मी उपटणार होते, आत्याबाई म्हणाल्या राहू दे. पिवळी फुलं आली, नखाएवढी, सकाळी उमलून दुपारी मिटणारी. मग त्यांचे पांढरे केस झाले आणि केसांच्या बुडाशी बी. वाऱ्याने उडायच्या आत आम्ही दोघींनी ते कागदाच्या पुडीत झाडून घेतलं. चार झाडांचं इतकं निघालं की ह्यांनी मोजायचा नाद सोडला.

पुडी फ्रिजमध्ये आहे, श्रीखंडाच्या पाचव्या डब्यात. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'बी' असं लिहिलंय, भाच्यासाठी. बी पुष्कळ आहे, आमच्याने संपायचं नाही. कुणाला पाहिजे असेल तर दिवाळी झाल्यावर या. ऑक्टोबरात मागायला आलात तर देणार नाही.